नगरपालिकेतील जोतीराव

विद्यार्थी मित्रांनो, महात्मा जोतीराव फुले यांचे नाव तुम्ही अनेकदा ऐकले असेल. त्यांनी मुलींसाठी शाळा काढली, हे तुम्हांला माहीत आहे. सत्यशोधक समाजाची स्थापना त्यांनी केली, हेही तुम्ही इतिहासाच्या पुस्तकात वाचले असेल. पण जोतीराव सुमारे सहा वर्षे पुण्याच्या नगरपालिकेचे सभासद होते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. त्या काळात त्यांनी एक मत दिले. त्या मताने निकाल बदलला नाही. तरीसुद्धा सव्वाशेहून अधिक वर्षे लोक त्या एका मताची आठवण काढतात. ते मत कोणते, आणि त्याची आठवण का राहिली, हे या पाठात आपण पाहू.

जोतीरावांचा जन्म 11 एप्रिल 1827 रोजी झाला. त्यांचे वडील गोविंदराव यांचा फुले व भाजीपाला विकण्याचा व्यवसाय होता. आई चिमणाबाई जोतीराव अगदी लहान असतानाच वारल्या. जोतीराव शाळेत जाऊ लागले, पण लोकांच्या सांगण्यावरून वडिलांनी त्यांना शाळेतून काढले आणि शेतावर कामाला लावले. दिवसा ते मळ्यात खपत आणि रात्री दिव्याच्या उजेडात पुस्तक वाचत. शेजारी राहणारे गफ्फार बेग मुनशी यांनी हे पाहिले. ते फारसीचे शिक्षक होते. लेजिट नावाच्या इंग्रज गृहस्थांनाही या मुलाची हुशारी कळली होती. या दोघांनी गोविंदरावांची समजूत घातली. त्यामुळे 1841 साली जोतीराव पुन्हा शाळेत गेले. एका शिक्षकाने शेजारच्या मुलासाठी शब्द टाकला नसता, तर पुढचा इतिहास कदाचित वेगळाच झाला असता.

1848 साली जोतीरावांनी पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू केली. त्यांच्या पत्नी सावित्रीबाई तेथे शिकवू लागल्या. लोकांना हे आवडले नाही. पुढे जोतीराव व सावित्रीबाई यांना वडिलांचे घर सोडावे लागले. तेव्हा त्यांचे मित्र उस्मान शेख यांनी त्यांना आपल्या घरी आसरा दिला, असे चरित्रकार सांगतात. फातिमा शेख या सावित्रीबाईंच्या सहकारी होत्या. 1856 साली माहेरी आजारी असताना सावित्रीबाईंनी जोतीरावांना पत्र लिहिले. फातिमावर सगळ्या कामाचा भार पडला असेल, पण ती कुरकुर करणार नाही, असा विश्वास त्यांनी त्या पत्रात व्यक्त केला आहे.

शाळांमधून पोट भरत नसे. उदरनिर्वाहासाठी जोतीरावांनी कंत्राटदारीचा व्यवसाय केला. धरण, पूल, बोगदा अशा सरकारी कामांना लागणारे दगड, चुना इत्यादी सामान पुरवण्याची कामे त्यांनी घेतली. या व्यवसायामुळे त्यांना एक गोष्ट नीट समजली. सरकारी काम कसे मंजूर होते, त्यासाठी रक्कम किती लागते, ती कोणाच्या खिशातून येते आणि वाटेत कोठे गळते, हे त्यांनी जवळून पाहिले. मजुरांबरोबर उन्हात उभे राहिलेल्या माणसाला कागदावरच्या आकड्यांचा अर्थ लवकर कळतो. पुढे नगरपालिकेत बसल्यावर हे ज्ञान त्यांच्या उपयोगी पडले.

1876 साली जोतीराव पुणे नगरपालिकेचे सभासद झाले. तुम्ही म्हणाल, ते निवडणुकीत उभे राहिले असतील. तसे नव्हते. त्या काळी पुण्यात नगरपालिकेच्या सभासदांची निवडणूक होत नसे. सरकार त्यांची नेमणूक करी. सभासदाला तेव्हा म्युनिसिपल कमिशनर म्हणत. आज कमिशनर म्हणजे महानगरपालिकेचा मोठा अधिकारी, म्हणून जुने कागद वाचताना आपला गोंधळ होतो. जे सभासद सरकारनेच नेमलेले, ते सरकारच्या इच्छेविरुद्ध कसे जाणार? बहुतेक जण जातच नसत. शहरातील सामान्य माणूस कर भरत असे, पण सभागृहात काय ठरले, हे त्याला सहसा कळत नसे. कळले तरी ते कोणाला विचारावे, हे त्याला माहीत नसे.

जोतीराव सभासद झाले त्याच सुमारास महाराष्ट्रात मोठा दुष्काळ पडला. 1876 आणि 1877 ही दोन वर्षे फार कठीण गेली. आता तुमच्या जुन्नर तालुक्याकडे या. ओतूर हे गाव तुम्हांला परिचयाचे असेल. तेथे सत्यशोधक समाजाचे काम चांगले चालत असे. दुष्काळग्रस्तांना मदत करण्यासाठी सावित्रीबाई ओतूरला गेल्या होत्या. तेथून 20 एप्रिल 1877 रोजी त्यांनी जोतीरावांना पत्र लिहिले. गुरे मरत होती, माणसे झाडपाला खात होती, गावे सोडून जात होती, असे वर्णन त्या पत्रात आहे. मदत करणाऱ्या कार्यकर्त्यांना सरकारी शिपायांनी पकडले होते. कलेक्टर चौकशीला आले, तेव्हा सावित्रीबाईंनी त्यांना खरी परिस्थिती समजावून सांगितली. त्यांचे म्हणणे कलेक्टरांना पटले. कार्यकर्ते सुटले आणि ज्वारीच्या चार गाड्याही मिळाल्या. त्याच काळात अनाथ झालेल्या मुलांसाठी पुण्याजवळ धनकवडी येथे जोतीरावांनी बालाश्रम चालवला.

दुष्काळाच्या या दिवसांतच, 1877 च्या जानेवारीत, व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांनी दिल्लीत थाटाचा दरबार भरवला. व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याची घोषणा त्या दरबारात झाली. जानेवारीतच पुण्यात कृष्णराव भालेकर यांनी 'दीनबंधु' हे वृत्तपत्र सुरू केले. शेतकरी आणि कामकरी यांची दुःखे ते छापत असे. पुढे 1878 साली लिटन यांनी देशी भाषांतील वृत्तपत्रांवर बंधने घालणारा कायदा केला. मराठी, बंगाली, उर्दू अशा आपल्या भाषांत छापणाऱ्या पत्रांना तो कायदा लागू होता. इंग्रजी पत्रांना तो लागू नव्हता. याचा अर्थ काय, याचा तुम्हीच विचार करा. राज्यकारभाराची बातमी इंग्रजी जाणणाऱ्या थोड्या लोकांना मिळावी, आणि रयतेला तिच्या भाषेत मिळताना मात्र अडथळा यावा, असाच त्याचा परिणाम होता.

असे हे लॉर्ड लिटन पुण्याला येणार, असे 1880 च्या सुमारास ठरले. त्यांच्या स्वागताची तयारी सुरू झाली. त्यांना मानपत्र द्यावे आणि त्यानिमित्त नगरपालिकेने एक हजार रुपये खर्च करावेत, असा प्रस्ताव अध्यक्षांनी सभेपुढे मांडला. त्या काळी एक हजार रुपये ही मोठी रक्कम होती. नगरपालिकेत बत्तीस नेमलेले सभासद होते. प्रस्ताव सहज मंजूर होणार, हे उघड होते. पण जोतीरावांनी त्याला हरकत घेतली. हा पैसा शहरातील करदात्यांचा आहे, तो पाहुण्याच्या मानपत्रावर खर्च करण्याऐवजी पुण्यातील गरीब मुलांच्या शिक्षणावर खर्च करावा, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांनी ते सभेत सुचवलेही. कोणी ऐकले नाही. मतदान झाले. बत्तीस सभासदांपैकी एकट्या जोतीरावांचे मत ठरावाच्या विरोधात पडले.

या प्रसंगी जोतीराव काय पणाला लावत होते, हे लक्षात घ्या. त्यांची जागा सरकारी नेमणुकीची होती. त्यांचा व्यवसाय सरकारी कामांवर चालत होता. सरकारची मर्जी गेली असती, तर दोन्ही गोष्टींना धक्का बसला असता. सभेला न जाणे सोपे होते. सभेत गप्प बसणेही सोपे होते. ठराव मंजूर होणारच होता, म्हणून आपल्या एका मताने काय फरक पडणार, असे ते स्वतःला समजावू शकले असते. त्यांनी तसे केले नाही. आपले मत विरोधी आहे, तर ते विरोधीच नोंदले गेले पाहिजे, हे त्यांनी पाळले. म्हणूनच एकतीस सभासद एका बाजूला आणि एक सभासद दुसऱ्या बाजूला, ही गोष्ट आज आपण सांगू शकतो. मत हरले, पण नोंद राहिली.

1880 सालीच त्यांनी आणखी एक प्रश्न हाती घेतला. पुण्यात दारूची दुकाने वाढत होती. जोतीरावांनी नगरपालिकेच्या कार्यकारी मंडळाच्या अध्यक्षांना पत्र लिहिले. नगरपालिका लोकांच्या आरोग्यासाठी पैसा खर्च करते आणि दुसरीकडे दारूमुळे लोकांचे आरोग्य व संसार बिघडतात, ही विसंगती त्यांनी दाखवून दिली. तोंडी तक्रार वाऱ्यावर जाते. लेखी पत्र दप्तरात राहते आणि त्याला उत्तर द्यावे लागते. हे कंत्राटदार जोतीरावांना चांगले माहीत होते.

19 ऑक्टोबर 1882 रोजी जोतीरावांनी हंटर आयोगापुढे आपले लेखी निवेदन सादर केले. देशातील शिक्षणाची पाहणी करण्यासाठी सरकारने हा आयोग नेमला होता. निवेदनाखाली त्यांनी व्यापारी, शेतकरी आणि म्युनिसिपल कमिशनर अशी आपली ओळख लिहिली आहे. सरकारचा महसूल शेतकऱ्याच्या घामातून येतो, पण त्याचा लाभ वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणाला मिळतो, हे त्यांनी तेथे स्पष्ट केले. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणी त्यांनी केली. मोठ्या शहरांतील प्राथमिक शाळांचा खर्च तेथील नगरपालिकांनी द्यावा, असेही सुचवले. लिटन यांच्या स्वागताच्या वेळी त्यांनी जे एका सभागृहात सांगितले होते, तेच आता साऱ्या देशासाठी सांगितले. पुढे पुण्यात मोठी मंडई बांधण्याचे ठरले, तेव्हाही हा पैसा आधी शिक्षणाला द्यावा, अशीच त्यांची भूमिका होती. मंडई बांधली गेली. गंमत अशी, की आज ती महात्मा फुले मंडई म्हणूनच ओळखली जाते.

1883 साली जोतीरावांनी 'शेतकऱ्याचा असूड' हा ग्रंथ लिहिला. शेतकऱ्याला वाचता येत नाही, म्हणून कोणत्या कागदावर तो अंगठा उठवतो हे त्याला कळत नाही, आणि त्यातून तो नाडला जातो, हे त्यांनी वारंवार मांडले. जुन्नर भागातील कुळे सावकार व जमीनदार यांच्या अटींनी गांजली होती. त्या कुळांनी अशा अटींवर जमिनी कसण्याचे नाकारले, तेव्हा जोतीराव त्यांच्या पाठीशी उभे राहिले. शहरातील ठराव असो की खेड्यातील कर्जरोखा असो, त्यांचा विचार एकच होता. ज्याच्यावर कागदाचा परिणाम होतो, त्याला तो कागद वाचता आला पाहिजे.

11 मे 1888 रोजी मुंबईत लोकांनी त्यांना महात्मा ही पदवी दिली. त्याच वर्षी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवा हात निकामी झाला. तरी त्यांनी डाव्या हाताने लिहून 'सार्वजनिक सत्यधर्म' हे पुस्तक पुरे केले. 28 नोव्हेंबर 1890 रोजी त्यांचे निधन झाले. पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर 1891 साली प्रसिद्ध झाले.

नगरपालिकांच्या कारभारात पुढे काय बदल झाले, हेही थोडक्यात पाहू. 1882 साली व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांनी स्थानिक स्वराज्याचा ठराव केला आणि नगरपालिकांत निवडून आलेले सभासद येऊ लागले. लिटन यांचा वृत्तपत्रांवरील कायदाही रिपन यांच्याच काळात रद्द झाला. विसाव्या शतकाच्या आरंभी गोपाळ कृष्ण गोखले पुणे नगरपालिकेचे अध्यक्ष झाले. सभांचे कामकाज लोकांसाठी प्रसिद्ध करण्याची प्रथा त्यांनी सुरू केली. आपल्या सभासदाने काय केले, हे नागरिकाला घरबसल्या समजण्याचा मार्ग त्यामुळे खुला झाला. स्वतंत्र भारतात 1992 साली झालेल्या घटनादुरुस्त्यांनी ग्रामपंचायती आणि नगरपालिका यांना राज्यघटनेत स्थान मिळाले. 2005 साली माहितीच्या अधिकाराचा कायदा झाला. या कायद्यान्वये कोणताही नागरिक दहा रुपये फी भरून साधा अर्ज करू शकतो, आणि कार्यालयाने सर्वसाधारणपणे तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. जोतीरावांच्या काळी जे मागताही येत नव्हते, ते आज हक्काने मागता येते.

विद्यार्थी मित्रांनो, जुन्नर शहराला नगरपरिषद आहे. आंबेगाव तालुक्यात मंचरला नगरपंचायत आहे. तुमच्यापैकी जे खेड्यात राहतात, त्यांच्या गावी ग्रामपंचायत आणि ग्रामसभा आहे. तेथे पाण्याच्या नळाबद्दल, गटाराबद्दल, रस्त्यावरच्या दिव्याबद्दल आणि तुमच्या शाळेजवळच्या कचराकुंडीबद्दल निर्णय होतात. तुम्हांला अजून मताचा हक्क नाही. तो अठराव्या वर्षी मिळेल. पण वाचण्याचा हक्क तुम्हांला आजही आहे. म्हणून सभेचे कागद कसे वाचायचे, हे आताच शिकून ठेवा.

सभेपूर्वी जी विषयांची यादी निघते, तिला विषयपत्रिका म्हणतात. ठराव मांडणारा तो सूचक, आणि त्याला पाठिंबा देणारा तो अनुमोदक. ठरावाच्या बाजूने मत देणारे, विरोधात मत देणारे आणि कोणत्याच बाजूला मत न देणारे तटस्थ, असे सभासदांचे तीन गट होऊ शकतात. सभेत जे घडले त्याच्या लेखी नोंदीला इतिवृत्त म्हणतात. हे शब्द मराठीत नवीन वाटतील. पण मंजूर, नामंजूर, रक्कम, जमा, खर्च, हिशेब, दप्तर, शहर आणि कागद हे शब्द पाहा. ते तुमच्या उर्दूतही आहेत आणि नगरपालिकेच्या मराठीतही आहेत. म्हणजे सभेच्या कागदातली अर्धी भाषा तुम्हांला आधीच येते. तुमच्या अम्मी-अब्बांना किंवा शेजारच्या आजोबांना मराठी वाचण्याची सवय नसेल, तर तुम्ही त्यांना वाचून दाखवू शकता.

ठराव वाचताना चार प्रश्न मनात ठेवा. काय ठरले? त्यासाठी किती रक्कम लागणार आहे? ती कोठून येणार आहे? आणि कोणत्या सभासदाने कोणत्या बाजूला मत दिले? एखादा सभासद वेगळे मत देतो तेव्हा लगेच त्याला चूक किंवा बरोबर ठरवू नका. त्याचे कारण शोधा. बहुमताचाही निर्णय योग्य असू शकतो, आणि एकट्याचेही म्हणणे खरे असू शकते. ते ओळखण्यासाठी कागद वाचावा लागतो.

जोतीरावांनी सभागृहात जे मत दिले, ते गरीब मुलांच्या वतीने दिले होते. त्या मुलांना तेव्हा ठराव वाचता येत नव्हता, आणि आपल्यासाठी कोणी उभे राहिले आहे हे त्यांना बहुधा कळलेही नसेल. तुम्हांला मात्र वाचता येते. आपल्या गावाचा ठराव वाचणे, तो समजून घेणे आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना तो समजावून सांगणे, ही जोतीरावांना वाहिलेली खरी आदरांजली ठरेल.